थेंब्याचं ॲव्हरेज

हजेरीपटावर त्याचं नाव चांगलं तीन शब्दांचं, भारदस्त होतं. पण कंपनीत त्या नावानं कुणी हाक मारली असती, तर त्यानं स्वतःसुद्धा मान वर केली नसती. सगळे त्याला थेंब्या म्हणत. पंधरा वर्षांपूर्वी एकदा यार्डातल्या पंपावर टाकी भरून झाली होती आणि नळीच्या तोंडाशी लोंबणारा शेवटचा थेंब टाकीत पडावा म्हणून तो नळी झटकत उभा राहिला होता. मागे चार गाड्या हॉर्न वाजवत खोळंबल्या होत्या. वर्कशॉपच्या दारातून फोरमननं विचारलं, ‘‘काय रे थेंब्या, तो काय घरी नेणारेस?’’ झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. नवीन ड्रायव्हर त्याला थेंबेकाका म्हणत, आणि त्यातल्या निम्म्यांना ते खरंच आडनाव वाटे.

कंपनी कागद-कारखान्यातून बंदरापर्यंत कागदाचे रोल वाहून न्यायची. माणसाच्या उंचीचे, एकेक टनाच्या पुढचे रोल. माल भरला की ट्रेलरचं वजन चाळीस टनांवर जाई, आणि अशी गाडी एका लिटरात जेमतेम तीन किलोमीटर चाले. कंपनीचा सगळा जीव त्या तीनच्या पुढच्या आकड्यात अडकलेला. ऑफिसच्या भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर दर महिन्याला प्रत्येक ड्रायव्हरचं ॲव्हरेज खडूनं लिहीत. कुणाचं २.९, कुणाचं ३, बऱ्यापैकी हात असलेल्याचं ३.१. थेंब्याचं ३.४. अकरा वर्षं त्याचं नाव वरून पहिलं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, त्या एवढ्याशा फरकात काय मोठं? पण महिन्याला दहा हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा तो फरक जवळजवळ दीड ड्रम डिझेलचा होतो. कंपनीच्या बावीसच्या बावीस गाड्या थेंब्यासारख्या चालल्या असत्या, तर डिझेलच्या टँकरला यार्डात महिन्याला एक फेरी कमी मारावी लागली असती.

बरं, तो काही जादू करत नव्हता. सकाळी निघण्याआधी अठराच्या अठरा चाकांची हवा स्वतः मोजायचा. गाडी उभी असली की इंजिन बंद. पुढचा सिग्नल लाल दिसला की पाव किलोमीटर आधीच पाय सोडायचा, म्हणजे पोहोचेपर्यंत हिरवा होई आणि चाळीस टन पुन्हा शून्यातून ओढावे लागत नसत. घाट उतरताना बाकीचे डिझेल वाचवायच्या नादात गाडी न्यूट्रलला टाकत. थेंब्या गिअरमध्येच उतरे. तो सांगायचा, गिअरमध्ये असताना पाय काढलास तर चाकंच इंजिनाला फिरवतात, डिझेल एक थेंब जात नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जागं राहायलाही पितं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

हे सगळं कुणालाही शिकता येण्यासारखं होतं. न शिकता येण्यासारखी गोष्ट एकच, ती म्हणजे त्याचा कान. एकविसाव्या वर्षी मामानं त्याला खाणीतल्या ट्रकवर गाडी शिकवली होती, तेव्हा डायलवर फडकं टाकून ठेवलं होतं. काटे बघायचे नाहीत, कानानं चालव, एवढाच मामाचा धडा. पुढे टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जोरानं हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, गाड्या आल्या आणि थेंब्याला नवीनच गंमत सापडली. माल भरलेल्या गाडीचा पाय दाबला की इंजिनाच्या घुरघुरीखाली एक बारीक शिट्टी उठे. ती ताणायला लागली की वरचा गिअर टाकायचा, चढावर ती ढिली पडायला लागली की इंजिन धापा टाकायच्या आधीच खालचा. दहा गिअर, दिवसातून शेकडो वेळा बदल, आणि प्रत्येक बदल नेमक्या क्षणी. ३.४ तिथून यायचं.

त्यामुळे काट्याकडे बघून गाडी चालवणाऱ्यांची तो थट्टा करी. चार वर्षांपूर्वी कंपनीत एक ड्रायव्हरीण आली. तिशीची, कमी बोलणारी. इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा हिरव्या पट्टीच्या बाहेर म्हणून जाऊ द्यायची नाही. थेंब्यानं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव काटेवाली ठेवलं. तिनं ते हसून घेतलं, आणि दुसऱ्या वर्षी फळ्यावर त्याच्या खालोखाल येऊन बसली.

थेंब्याला साठी गाठायला पाच वर्षं होती तेव्हाची गोष्ट. एका महिन्यात फळ्यावर त्याच्यापुढे ३.३ लागलं. कुणी लक्ष दिलं नाही. पुढच्या महिन्यात ३.१. त्यापुढच्या महिन्यात खडू हातात घेऊन कारकून जरा घुटमळला, दोनदा हिशेब करून पाहिला आणि मग त्यानं लिहिलं, २.९.

थेंब्या थेट फोरमनकडे गेला. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलेले, एकमेकांना अरेतुरे करणारे. गाडीचं काहीतरी बिघडलंय, बघ, म्हणाला. फोरमननं दोन दिवस गाडी उघडून ठेवली. एअर फिल्टर बदलला, इंजेक्टर काढून तपासले, टर्बोचे पाइप हवा सोडतात का ते साबणाच्या पाण्यानं पाहिलं, कुठं ब्रेक धरून राहतोय का म्हणून चाकं उचलून हातानं फिरवली. सगळं ठणठणीत. शेवटी त्यानं हात टेकले. ‘‘गाडी तुझ्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे,’’ म्हणाला.

मग मॅनेजरनं बोलावलं. माणूस सभ्य होता, थेंब्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यानं आधी घरचं विचारलं, तब्येतीचं विचारलं, आणि टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाला की आठवडाभर गाड्यांची अदलाबदल करून बघू. आणि हो, टाक्यांना आता कुलपं लावायची असं वरून आलंय, सगळ्याच गाड्यांना.

दुसऱ्या दिवशी कुलूप लागलं ते एकट्या त्याच्या टाकीला.

थेंब्या त्या कुलपाकडे बघत उभा राहिला. वाटेत टाकीतून डिझेल काढून विकणारे ड्रायव्हर त्याला माहीत होते. दोघांना त्याच्या डोळ्यांदेखत कामावरून काढलं होतं. शेवटच्या थेंबासाठी नळी झटकणारा माणूस तो, आणि त्याच्यावर ही पाळी. तोंडात मारल्यासारखं झालं त्याला. त्या दिवसापासून तो डबा ऑफिसच्या मागच्या बाकावर न खाता गाडीतच बसून खायला लागला.

अदलाबदलीचा निकाल आठवड्यानं लागला. काटेवालीनं त्याच्या गाडीवर ३.३ काढून दाखवलं. त्यानं तिच्या गाडीवर २.९. आता गाडीकडे बोट दाखवायची सोयच उरली नाही. जे काही बिघडलं होतं ते त्याच्यातच होतं, आणि काय बिघडलंय हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. पाय तोच, रस्ता तोच. कुठल्या वळणावर काय करायचं हे झोपेतही सांगेल, तरी आकडा वर चढायला तयार नाही.

हे कोडं सोडवलं ते त्याच्या बायकोनं, तेही घरबसल्या.

ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन असे. ते कोरडं पडून कुरकुरायला लागलं की आतल्या खोलीत पेपर वाचत असलेला थेंब्या उठे, न बोलता तेलाची कुपी आणे, दोन-चार ठिकाणी थेंब सोडे आणि परत जाऊन बसे. लग्न झाल्यापासूनचा हा शिरस्ता. तिनं स्वतः मशीनला तेल कधी घातलंच नव्हतं. त्या सुमारास मशीन कुरकुरायला लागलं, तेव्हा तिला वाटलं, आज दमला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, डोक्यात कामाचं चाललंय, उगाच कशाला छेडा. आठवडा झाला. मशीन आता किंचाळत होतं, शेजारीण येऊन विचारून गेली, आणि हा गृहस्थ तीन हातांवर बसून शांतपणे शब्दकोडं सोडवतोय.

तिच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. टीव्ही मोठा लावणं, नात फोनवर बोलायला लागली की ‘आईकडे दे’ म्हणून फोन सोडून देणं, ती ओट्यापाशी काही बोलली की मागून ‘हं, हं’ करणं. इतके दिवस तिला वाटत होतं, हा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. सगळेच नवरे करतात म्हणून तिनं कानाडोळा केला होता.

ती उठून त्याच्या समोर जाऊन बसली.

‘‘अहो, मशीन आठ दिवस ओरडतंय.’’

‘‘मग सांगायचं नाही का?’’ तो कुपी आणायला उठला.

‘‘तुम्हाला कधी सांगावं लागलंय?’’

तो अर्ध्यावरच थांबला. मग म्हणाला की कामाच्या विचारात लक्ष गेलं नसेल. ती म्हणाली, बरं, आता लक्ष देऊन ऐका. तिनं मशीन चालवलं. तो कान टवकारून मशीनपाशी उभा राहिला. सुईची टकटक येतेय, पायडलची धडधड येतेय, कुरकुर कुठाय? तिनं त्याचा हात धरून मशीनच्या चाकावर ठेवला, तेव्हा बोटांना ती कुरकुर लागली. कानाला नाही.

त्यावर तो चिडला. आपल्याला सगळं ऐकू येतं, तू बोलतेस ते येतंय, रस्त्यावरची गाडी येतेय, बहिरा म्हणजे काय ते तुला माहीत नाही, असं बरंच बोलला. तिनं सगळं बोलू दिलं. नंतर तेलाची कुपी पदरानं पुसून जागेवर ठेवली आणि एवढंच म्हणाली, ‘‘तुमच्या गाडीला तुम्ही फोरमनकडे नेलंत ना? मग तुम्हाला मी नेते.’’

कानाची डॉक्टर तरुण होती. तिनं त्याला एका छोट्या, गादीनं मढवल्यासारख्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. थेंब्या परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला. सुरुवातीला जाड आवाज आले, त्यानं भराभरा बटण दाबलं. मग काहीच येईना. तो वाट बघत राहिला. काचेपलीकडे डॉक्टरची बोटं मात्र हलत होती. तिचं एकेक बोट हललं की आपल्याकडे एकेक आवाज येऊन जातोय, हे त्याच्या हळूहळू लक्षात आलं. त्या खोलीत त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

बाहेर आल्यावर डॉक्टरनं कागदावरची रेघ दाखवली. अर्ध्यापर्यंत सरळ जाणारी आणि मग कड्यावरून पडावी तशी खाली गेलेली. तिनं सांगितलं की वर्षानुवर्षं मोठ्या इंजिनाजवळ बसणाऱ्यांचं असं होतं. बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात. त्यामुळे माणसाला आपण बहिरे झालोय असं वाटतच नाही. लोकच पुटपुटायला लागलेत असं वाटतं. खिडकीकडचा कान जास्त गेला होता.

‘‘बारीक म्हणजे कसा?’’ थेंब्यानं विचारलं.

‘‘चिमणीचा, लहान मुलांचा, शिट्टीचा.’’

सगळं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. शिट्टी अजून उठतच होती. त्याला ती ऐकू येईपर्यंत मात्र चांगली ताणून जोरात वाजायला लागलेली असायची. म्हणजे प्रत्येक गिअर तो उशिरा टाकत होता. एकेका बदलाला दोन-तीन सेकंद उशीर, दिवसातून शेकडो वेळा. इंजिन प्रत्येक गिअरमध्ये उगाच ओढलं जात होतं आणि पीत होतं. चोर सापडला होता. घरी जाताना बसमध्ये तो बायकोला हे सगळं समजावून सांगत होता, इतक्या हौसेनं की तिला कळेना, याला वाईट वाटलंय की बरं वाटलंय. खरं तर त्यालाही कळत नव्हतं.

रात्री जेवताना मात्र तो म्हणाला, ‘‘मागून कुणी हॉर्न दिला असता आणि मला आला नसता तर?’’

सकाळी तो कामावर गेला, पण गाडीची किल्ली घेतली नाही. डॉक्टरचा कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला की कानाला यंत्र बसवून परत तपासणी होईपर्यंत मी गाडीवर बसणार नाही. मॅनेजरनं कागद वाचला, परत वाचला. मग उठून दार लावून घेतलं.

‘‘त्या कुलपाचं... मला तसं म्हणायचं नव्हतं,’’ तो म्हणाला.

‘‘म्हणायचं होतं. तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं,’’ थेंब्या म्हणाला. ‘‘पण सगळ्या गाड्यांना लावतो म्हणालात, ते तेवढं लावा.’’

त्या आठवड्यात बावीसच्या बावीस टाक्यांना कुलपं लागली. ड्रायव्हर थोडे कुरकुरले, पण थेंब्या परत ऑफिसच्या मागच्या बाकावर डबा खायला लागला.

दीड महिना तो वर्कशॉपमध्ये फोरमनच्या हाताखाली होता. कानांत यंत्रं आली, आणि सुरुवातीला त्याला ती नको नको झाली. चमचा बशीत पडला तरी पत्रा कोसळल्यासारखं वाटे. पेपरचं पान उलटलं की अंगावर काटा येई. सगळ्यात मोठी निराशा इंजिनानं केली. यंत्रातून शिट्टी परत आली खरी, पण ती ओळखीची राहिली नव्हती. डब्यात बसून कुणीतरी वाजवल्यासारखी, कधी पुढे कधी मागे. तिच्यावर विसंबून गिअर टाकणं म्हणजे परक्या माणसाच्या सांगण्यावरून रस्ता काढण्यासारखं होतं. परवान्याच्या तपासणीत तो पास झाला, हॉर्न, सायरन, सगळं नीट ऐकू येत होतं. पण गाडी चालवता येणं वेगळं आणि ३.४ काढणं वेगळं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तेव्हा त्यानं आयुष्यातली सगळ्यात अवघड गोष्ट केली. काटेवाली सकाळी चाकांची हवा बघत होती, तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘एक फेरी मला शेजारी बसव. तुझा तो काटा मला शिकव.’’

तिला वाटलं, नवीन थट्टा आहे. पण त्याचा चेहरा बघितला आणि तिनं दुसऱ्या बाजूचं दार उघडून दिलं.

एका फेरीच्या सहा झाल्या. तीन ती चालवायची आणि तो बघायचा, तीन तो चालवायचा आणि ती बघायची. ती चांगली शिकवणारी निघाली. उगाच बोलायची नाही. काटा हिरव्या पट्टीच्या टोकाशी आला की फक्त बोटानं डॅशबोर्डवर टिचकी मारायची. थेंब्याला आधी राग येई, दर दोन मिनिटांनी मान खाली घालून बघायचं म्हणजे काय चालवणं! पण चौथ्या फेरीला घाट चढताना त्याच्या लक्षात आलं की काटा टोकाला पोहोचतो तेव्हा गिअरच्या दांड्याची थरथर बदलते. जाड थरथर बारीक होते. बायकोनं त्याचा हात मशीनच्या चाकावर ठेवला होता तेव्हा लागली होती, अगदी तशीच. त्यानं दांड्यावर तळवा सैल ठेवला आणि पुढचा गिअर काट्याकडे न बघता टाकला. टिचकी वाजली नाही. त्यानं तिच्याकडे पाहिलं.

‘‘बघितला होता काटा?’’ तिनं विचारलं.

‘‘नाही.’’

‘‘बरोबर पडला, काका.’’

तो पुढचा सगळा घाट काट्याकडे न बघता चढला.

तिनंही त्या सहा फेऱ्या फुकट घालवल्या नाहीत. हा माणूस काट्यापेक्षा रस्ता लांबवर वाचतो, हे तिनं हेरलं. पिठाच्या गिरणीपाशी चढ संपायच्या शंभर मीटर आधी तो पाय का ढिला करतो, पुढची बस थांबणार हे तिचे दिवे लागायच्या आधी त्याला कसं कळतं, असं ती विचारत राहिली. थांब्यावरची माणसं पिशव्या उचलायला लागली की बस थांबते, त्यानं सांगितलं. तिनं रस्त्यावरची नजर न हटवता मान डोलावली.

थेंब्याचा पहिल्या महिन्याचा आकडा ३.१ आला, दुसऱ्याचा ३.२, आणि मग तो ३.३ वर जाऊन थांबला. ३.४ परत कधी आलं नाही. काटेवालीचं ३.५ आलं. फळ्यावर पहिल्या जागी तिचं नाव लिहिलं गेलं त्या दिवशी सगळे ड्रायव्हर थेंब्याच्या तोंडाकडे बघत होते. त्यानं आकडा वाचला, खाली आपला वाचला, आणि कारकुनाला म्हणाला की पाचाचं पोट जरा नीट काढ, लांबून तीन वाटतो. मनात थोडं खुपलं. बायकोला त्यानं तसं सांगितलंही. पण त्या रात्री झोप लागली नाही असं काही झालं नाही.

त्यानंतर त्यानं आणखी चार वर्षं गाडी चालवली. मॅनेजरनं सगळ्या ड्रायव्हरांची वर्षातून एकदा कानांची तपासणी ठेवली. पहिल्याच वर्षी तिघं सापडले, त्यातला एक फक्त अडतीस वर्षांचा. त्याला थेंब्यानं बाजूला घेऊन दोन तास समजावलं, खिडकीची काच वर ठेवून चालवायची सवय लावली. फोरमननं गाड्यांच्या केबिनमध्ये जाड अस्तर बसवून घेतलं.

शेवटच्या महिन्यात थेंब्यानं मॅनेजरची परवानगी काढून बायकोला एका फेरीला बरोबर नेलं. इतक्या वर्षांत ती या गाडीत कधी बसली नव्हती. पायऱ्या चढून वर आली, शिवणाची पिशवी मांडीवर घेतली. गाडी सुरू झाली तशी तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

‘‘एवढ्या आवाजात बसायचात तुम्ही?’’ ती ओरडून म्हणाली.

‘‘ओरडू नकोस, आता येतं मला ऐकू,’’ तो म्हणाला.

ती हसली. थोडा वेळ तिनं रस्ता बघितला, शेतं बघितली, पुढच्या गाडीवरच्या ताडपत्रीला टाके किती लांब घातलेत त्यावर नावं ठेवली. घाटाच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत तिचा डोळा लागला होता. मान खिडकीकडे कलली. थेंब्यानं तळवा दांड्यावर ठेवला आणि चढावर एकेक गिअर असा अलगद टाकत गेला की तिच्या मांडीवरची पिशवी जराही हलली नाही.